तीन अधिक चार म्हणजे सात: क्रूझ कंपन्या छोट्या सफरींवर एवढा भर का देतात?

प्रश्न मिरजेच्या एका डॉक्टर दांपत्याचा आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, म्हणून क्रूझला जायचं ठरलंय. चौकशी करायला लागल्यावर जिथे तिथे दोन, तीन, फार तर चार रात्रींच्याच सफरी समोर येतायत. ते विचारतात: "सात-दहा रात्रींच्या क्रूझ गेल्या कुठे? कंपन्यांना छोट्या सफरींत एवढा काय फायदा दिसतो? आणि त्यात आमचं नुकसान आहे का?"

डॉक्टर, मी बरीच वर्षं जहाजांवर पर्सरच्या ऑफिसात होतो. प्रवाशांची बिलं, तक्रारी आणि हरवलेली केबिन-कार्डं जिथे येतात ती जागा. आता सांगलीत विश्रामबागेत बसून क्रूझची बुकिंगं करतो. त्यामुळे कंपनीचा गल्लाही पाहिलाय आणि गिऱ्हाइकाचा खिसाही. उत्तर जरा लांबेल.

सात रात्रींच्या सफरी आधी बाजूला काढू, कारण त्या कुठेही गेलेल्या नाहीत. भूमध्य समुद्रात आणि अलास्काकडे आजही मुख्य धंदा त्याच करतात. सिअॅटलहून अलास्काच्या बंदरांपर्यंतचं अंतरच एवढं आहे की तीन रात्रींत जाऊन येणं शक्य नाही. भूमध्य समुद्रात रोज नवं शहर दाखवायचं असतं, तिथे आठवडा लागतोच. बदल झालाय तो दुसरीकडे. पूर्वी कंपनी नवं कोरं जहाज सात रात्रींच्या मार्गावर लावायची, आणि ते जुनं झालं, रंग उडाला, की छोट्या फेऱ्यांना द्यायची. आता उलटं चाललंय. रॉयल कॅरिबियनने जुलै २०२४ मध्ये 'युटोपिया ऑफ द सीज' पाण्यात आणलं. केबिनमागे दोघं धरली तरी साडेपाच हजारांवर प्रवासी मावतील एवढं ते अवाढव्य आहे. ते सुरुवातीपासूनच फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हेरलहून तीन आणि चार रात्रींच्या फेऱ्या करतंय. २०२२ सालचं 'डिस्नी विश'ही त्याच बंदरातून तेच करतंय. घरातलं सगळ्यात भारी जहाज सर्वांत छोट्या फेरीवर लावलं, म्हणजे पैसा तिकडे आहे. पैसा कुठे आहे हे कंपनीने स्वतःच दाखवून दिलं, असं समजा.

आता तीन आणि चारच का? कारण दोन्ही मिळून सात होतात. शुक्रवारी संध्याकाळी सुटलेलं जहाज सोमवारी सकाळी परत येतं. तीन रात्री. त्याच दिवशी दुपारी नवे प्रवासी घेऊन निघतं आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा धक्क्याला लागतं. चार रात्री. वर्षभर वार बदलत नाहीत. बंदरातली जागा ठरलेली, माल पुरवणारे ट्रक ठरलेले, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या. शनिवार-रविवार ज्यांना मोकळा असतो ते पहिल्या फेरीला येतात. निवृत्त मंडळी आणि सवलत शोधणारे दुसरीला. जहाज एकही रात्र रिकामं उभं राहत नाही. आपल्याकडच्या मंगल कार्यालयासारखं आहे हे. एकाच पार्टीला आठवडाभर हॉल देण्यापेक्षा दोन लग्नं घेतलेली मालकाला परवडतात, कारण सजावट, बँड, जेवणावळ दोनदा विकली जाते.

या 'दोनदा विकलं जाणं' प्रकरणावर जरा थांबतो, कारण खरी मेख इथे आहे.

क्रूझ कंपनीच्या उत्पन्नाचे दोन भाग असतात. एक तिकीट. दुसरा म्हणजे जहाजावर चढल्यावर तुम्ही जे खर्च करता ते: दारू, कॅसिनो, स्पा, फोटो, वायफाय, पैसे देऊन जायची रेस्टॉरंटं, किनाऱ्यावरच्या सहली. कार्निव्हल कॉर्पोरेशनचं २०२४ चं उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होतं. त्यात तिकिटांचा वाटा साधारण दोन तृतीयांश. उरलेला एक तृतीयांश जहाजावरच्या आणि इतर खर्चातून आला. आणि हा खर्च रात्रींच्या प्रमाणात वाढत नाही. पर्सरच्या ऑफिसात शेवटच्या रात्री बिलं छापताना हे उघड दिसायचं. सात रात्रींचा प्रवासी तिसऱ्या दिवसापासून सावध होतो. रोज कॉकटेल नको, बुफेतच जेवू, फोटो एकच घेऊ, असं म्हणायला लागतो. तीन रात्रींवाला सावध होण्याआधीच उतरलेला असतो. "आलोच आहोत तर होऊ दे" हा मूड जेमतेम तीन दिवस टिकतो, आणि सफरही तेवढीच असते. कंपन्या नफा मोजतात तो प्रवासी-दिवसामागे, म्हणजे एका प्रवाशाच्या एका दिवसामागे, अख्ख्या फेरीमागे नाही. त्या मापाने छोटी फेरी वरचढ ठरते.

शिवाय केबिनमध्ये माणसं जास्त. या धंद्यात दर केबिनमागे दोन माणसं धरली की जहाज १०० टक्के भरलं असं मानतात. सुट्टीच्या छोट्या फेरीला आई-बाप आणि दोन पोरं एकाच केबिनमध्ये येतात, म्हणून भरती १०० च्या वर जाते. सात रात्री चौघांनी त्या खोलीत काढायच्या म्हटलं तर नवरा-बायको आधी वेगळी केबिन मागतील. तीन रात्री मात्र हसत काढतात.

दुसरं मोठं कारण म्हणजे कंपन्यांची स्वतःची बेटं. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने १९७७ मध्येच बहामामधलं ग्रेट स्टिरप की विकत घेतलं होतं. पण खरी चढाओढ अलीकडची. रॉयल कॅरिबियनने कोकोके बेटावर सुमारे २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये ते नव्याने उघडलं. घसरगुंड्यांचं वॉटरपार्क, माणसांना हवेत वर नेणारा फुगा, तलाव, सगळं तिथे. त्याच वर्षी एमएससीचं ओशन के सुरू झालं. कार्निव्हलने ग्रँड बहामावर ६० कोटी डॉलर खर्चून सेलिब्रेशन की बांधलं आणि जुलै २०२५ मध्ये खुलं केलं. एवढा पैसा घातलेलं ठिकाण महिन्यातून दोन-चार दिवस वापरून कसं चालेल? तिथे रोज हजारो माणसं उतरली पाहिजेत. छोट्या फेऱ्या ही माणसं आणतात. प्रवासी एखाद्या खऱ्या शहरात उतरला असता तर टॅक्सीवाल्याला, हॉटेलवाल्याला, टोप्या विकणाऱ्याला पैसे गेले असते. बेटावर छत्रीपासून शहाळ्यापर्यंत सगळं कंपनीच्याच गल्ल्यात. कोणी काही म्हणो, मला त्या बेटांचं फार कौतुक नाही. पाणी निळंशार आहे, वाळू पांढरी आहे, पण तिथे कोणी राहत नाही. देश पाहिल्यासारखं वाटत नाही. मुलांना मात्र तिथून हलायचं नसतं, हेही खरं.

बेटं फ्लोरिडाजवळच का, यामागे एक जुना कायदा आहे. १८८६ सालच्या अमेरिकी प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. निघालेल्या बंदरातच परत यायचं असेल तरी मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा वगैरे देशांत नोंदलेली असतात. मायामीहून बहामाचं नासाऊ दोनशे सागरी मैलांच्याही आत. संध्याकाळी निघून सकाळी पोहोचता येतं. कायदाही पाळला जातो आणि तीन रात्रींत फेरीही पुरी होते. कॅलिफोर्नियाच्या छोट्या सफरी मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला जातात त्या याच कारणाने.

जवळ जाण्यात इंधन वाचतं हे सगळ्यांना कळतं. किती वाचतं याचा अंदाज मात्र बहुतेकांना नसतो. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाला शक्ती साधारण आठपट लागते. म्हणजे ताशी वीस-बावीस सागरी मैलांऐवजी बारा-तेराने रात्रभर रमतगमत गेलं, तर इंधनाचं बिल नुसतं कमी होत नाही, कोसळतं. छोट्या फेरीत घाई कसलीच नसते. गंतव्य जवळ, रात्र लांब. युरोपात तर जानेवारी २०२४ पासून जहाजांच्या कार्बन उत्सर्जनाचेही पैसे भरावे लागतात: पहिल्या वर्षी ४० टक्के उत्सर्जनावर, २०२५ साठी ७० टक्के, आणि २०२६ पासून पूर्ण. त्यामुळे हळू चालणं आता सगळ्यांच्याच अंगवळणी पडतंय.

मग आधी हे का केलं नाही? कारण प्रवासी बदलण्याचा दिवस. जहाजावर त्याला टर्नअराउंड म्हणतात आणि कर्मचारी त्याला मनातून शिव्या घालतात. सकाळी सातपासून हजारो माणसं उतरवायची, त्यांच्या हजारो बॅगा उतरवायच्या, प्रत्येक केबिनची चादर-टॉवेल बदलायचे, आठवड्याचं धान्य-भाजी-मांस चढवायचं, इमिग्रेशनची तपासणी, आणि साडेअकराला पहिला नवा प्रवासी हसऱ्या चेहऱ्याने दारात. सात रात्रींवर हे आठवड्यातून एकदा, तीन-चारवर दोनदा. बंदराचा खर्च दोनदा. कामगार दुप्पट थकतात. त्यात जानेवारी २०१२ मध्ये इटलीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडालं. चढलेल्या काही प्रवाशांची सुरक्षा-कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायचा नियम आला. पाच हजार माणसांना डेकवर उभं करून लाइफ जॅकेट दाखवणं म्हणजे एक तास गेलाच.

हे आता सोपं झालं ते मोबाइलमुळे. घरबसल्या चेक-इन, चेहरा ओळखणारे कॅमेरे, कवायतीचा मोठा भाग फोनवर बघून फक्त आपल्या ठिकाणी हजेरी लावायची. रॉयल कॅरिबियनने २०२० मध्ये कवायतीची ही पद्धत आणली, इतरांनीही तसंच काहीसं सुरू केलं. चार तासांत प्रचंड जहाज रिकामं करून भरता येतं हा विश्वास आल्यावरच युटोपियासारखं धूड छोट्या फेरीला लावायची हिंमत झाली. बाहेरच्या लेखांत ग्राहकांची आवड बदलली, तरुण पिढीला छोट्या सुट्ट्या हव्यात, असं बरंच लिहिलेलं असतं. ते चूक नाही. पण आवड पूर्वीही होती; तेवढी माणसं दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढवण्या-उतरवण्याची यंत्रणा नव्हती.

करोनाचा भाग थोडक्यात. मार्च २०२० मध्ये जहाजं बंद पडली आणि कंपन्यांनी कर्जावर दिवस काढले; एकट्या कार्निव्हलवर एका टप्प्यावर ३५ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज होतं. धंदा मात्र जोरात परतला. जगभरात २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख लोक क्रूझवर गेले होते, २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख गेले. कर्ज फेडायचं तर नवे प्रवासी हवेत, आणि कधीच बोटीवर न गेलेला माणूस पहिल्यांदा सात रात्रींचं तिकीट काढत नाही. त्याला बोट लागेल का, कंटाळा येईल का, जेवण चालेल का, हे प्रश्न असतात. तीन रात्री तो धोका पत्करतो. पुढच्या वेळी मोठी घेतो.

आता आपल्याकडे येऊ.

मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसचं जे 'एम्प्रेस' जहाज सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालं, त्याचा जन्मच छोट्या फेऱ्यांसाठी झालेला आहे. १९९० मध्ये फ्रान्समध्ये ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलं गेलं ते मायामी-बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरी डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून त्याच्या केबिन लहान आहेत. तक्रार करणारे बरेच भेटतात, पण तेव्हाचा विचार असा होता की तीन रात्रींसाठी कपाट कशाला मोठं हवं. मधला उंच चौक आणि बसायच्या-नाचायच्या जागा मात्र ऐसपैस. तीस वर्षांनी तेच जहाज मुंबई-गोवा, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी करायला आलं. त्याच्या आधी २०१९ मध्ये 'कर्णिका' नावाचं मोठं जहाज मुंबईतून सुरू झालं होतं. करोनात ती कंपनी बंद पडली. २०१८ ची 'आंग्रिया' तर मुंबई-गोवा अशी एकाच रात्रीची होती.

भारतात सफरी छोट्या असण्याची कारणं थोडी वेगळी आहेत. इथे रजा मिळणं अवघड, आणि धंदेवाल्याला तर रजाच नसते. माझ्याकडे येणारे लोक बघा. मिरजेचे डॉक्टर गुरुवारी रात्री ओपीडी आटोपून सोमवारी परत हजर असतात. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी सौदे चालू असताना दोन दिवसांच्या वर हलत नाहीत. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर दुकानं टाकून बसलेत. ते जत्रेला गावी येतात तेवढीच सुट्टी. तासगावच्या द्राक्षवाल्यांची तर फारच पंचाईत: हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि त्यांना सवड होते तेव्हा पाऊस सुरू होऊन मुंबईचा समुद्र बंद. त्या महिन्यांत कॉर्डेलियाने २०२३ पासून चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरी चालवल्या, पण तासगावाहून चेन्नई गाठायचं म्हणजे सफरीइतकाच प्रवास. एकूण काय, आमच्या भागात चार रात्रींच्या वर काही सुचवलं की समोरचा आधी कॅलेंडर काढतो.

सिंगापूरचंही असंच. रिसॉर्ट्स वर्ल्डचं 'जेन्टिंग ड्रीम' जून २०२२ पासून तिथून दोन-तीन रात्रींच्या सफरी करतंय. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली, म्हणून सांगली-जयसिंगपूरकडचे लोक तेच मागतात. डिस्नीने तर 'डिस्नी अॅडव्हेंचर' हे भलंमोठं जहाज मार्च २०२६ पासून तिथे आणून तीन आणि चार रात्रींच्या सफरी ठेवल्यात, त्याही मध्ये एकही बंदर न घेता. जहाज हेच ठिकाण. छोट्या सफरीचा विचार याच्या पुढे जाऊ शकेल असं मला वाटत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा हिशेब मी काउंटरवर कागद ओढून करतो तसाच करू. दुपारी चढायचं आणि शेवटच्या दिवशी सकाळी उतरायचं, म्हणून तीन रात्रींत पूर्ण दिवस दोनच मिळतात. सात रात्रींत सहा. समजा तीन रात्रींना माणशी ३६ हजार सांगितले आणि सात रात्रींना ७० हजार. रात्रीमागे १२ हजार आणि १० हजार. फरक फार वाटत नाही. पूर्ण दिवसामागे बघा: १८ हजार आणि ११,६६६. छोटी क्रूझ एकूण रकमेने स्वस्त असते, दिवसाच्या हिशेबाने महाग. त्यावर बक्षिसी वेगळी. रॉयल कॅरिबियनने साध्या केबिनसाठी ती नोव्हेंबर २०२३ मध्ये माणशी रोज १८ डॉलर केली होती. पेयांचं पॅकेज घेतलंत तर बहुधा पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं, आणि पहिला दिवस तुम्ही दुपारनंतर चढलात तरी तो दिवस धरला जातो. दोन जणांत एकच पिणारा असेल तर पॅकेजच्या नादी लागू नका, सुटं घ्या.

याचा अर्थ छोटी घेऊ नका असा नाही. ज्याच्याकडे चारच दिवस आहेत त्याला सात रात्रींचा स्वस्त दर काय कामाचा? पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी गोव्याची दोन रात्रींची घेऊन "क्रूझमध्ये काही दम नाही" असं ठरवू नका, कारण दोन रात्रींत पूर्ण दिवस एकच येतो. त्यातला निम्मा जहाज समजून घेण्यात जातो. कुठला जिना कुठे निघतो हे कळेपर्यंत बॅगा बाहेर ठेवायची सूचना येते. सुट्टीच्या फेरीला गर्दी आणि गोंगाटही जास्त. डीजे पहाटेपर्यंत. तुम्हाला निवांतपणा हवा असेल तर आठवड्याच्या मधली फेरी घ्या; दरही बहुतेक वेळा उतरलेला असतो.

तुम्हाला मी दोन पर्याय देईन. रजा खरोखर चारच दिवसांची असेल तर मुंबईहून तीन किंवा चार रात्रींची, लक्षद्वीपचा मार्ग असलेली, आणि केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर. तिथे हेलकावे कमी जाणवतात. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री सांगलीहून बसलात की सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. देशांतर्गत सफरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र चालतं, पण मूळ प्रत बरोबर ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर अडलेली माणसं मी धक्क्यावर पाहिलेली आहेत. आणि दोघांनी मिळून आठ-नऊ दिवस काढता आले, दवाखाना सांभाळायला कोणी मिळालं, तर सिंगापूरला जाऊन तीन रात्रींची क्रूझ आणि बाकीचे दिवस शहरात, असं जमवा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना ते आधी तपासा, कारण जहाज मलेशियाला जाऊन परत येतं तेव्हा तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरत असता. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ३० दिवस येऊ द्यायला सुरुवात केली; तुमच्या तारखांना ती सवलत चालू आहे का, तेवढं तिकीट काढण्याआधी मला विचारून घ्या.